रणगाडा लपतो तेव्हा खोटं बोलतो का?

लोणावळ्याला येणारी बहुतेक गर्दी भुशी धरण, टायगर पॉइंट आणि चिक्कीची दुकानं एवढं करून परत जाते. आयएनएस शिवाजीच्या बाजूने पुढे कुरवंडे गावापर्यंत फार थोडे जातात. तिथून नागफणीचा कडा दिसतो आणि जुनी घाटवाट खाली कोकणात उतरते. १६६१च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान या बाजूने फौज घेऊन उतरला. सोबत रायबागन होती. खाली अंबा नदीच्या खोऱ्यात, उंबरखिंडीच्या दोन्ही अंगांच्या झाडीत शिवाजी महाराजांचे लोक दबा धरून बसले होते. फौज खिंडीत पूर्ण शिरेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. मग पुढची वाट बंद, मागची वाट बंद आणि जवळ पाणी नाही. रायबागनने शरण जायचा सल्ला दिला, खानाने खंडणी कबूल केली आणि महाराजांनी फौजेला जाऊ दिलं.

ही गोष्ट आपण शाळेत गनिमी काव्याचं उदाहरण म्हणून शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण एक साधा प्रश्न विचारून बघा. झाडीत बसलेल्या मावळ्यांनी खानाला फसवलं का? ‘अर्थातच’ असं उत्तर येईल. मग पुढचा प्रश्न: ते खोटं काय बोलले? इथे गाडी अडते, कारण ते काहीच बोलले नव्हते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तळेगावात राहतो, हिंजवडीला कामाला जातो आणि कॉलेजपासून मला रणगाड्यांचा नाद आहे. तोफेचा व्यास आणि इंजिनाची ताकद यांत रमणारे पुष्कळ असतात. मला कुतूहल आहे ते कारखान्यातून बाहेर पडल्यावर माणसं त्या यंत्राचं काय करतात याचं. ती त्याला रंग फासून लपवतात. त्याच्यावर खुणा आणि नावं रंगवतात. आणि त्याच्या पोलादावर भरवसा वाटेनासा झाला की हाताला येईल ते त्याच्या अंगाला बांधतात. या तिन्ही गोष्टींत थोडीफार बनवाबनवी आहे. पण तिन्ही एकाच तराजूत तोलायच्या का, हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावतो आहे. तो फक्त युद्धापुरता नाही, असंही हळूहळू लक्षात आलं.

उसात बसलेला रणगाडा

उंबरखिंडीनंतर तीनशे चार वर्षांनी, १९६५च्या सप्टेंबरात, पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर या गावाच्या परिसरात जवळपास तोच प्रकार घडला. पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले नवे पॅटन रणगाडे होते. आपल्याकडे सेंच्युरियन होते आणि दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे शर्मन होते. उघड्या मैदानात समोरासमोर गाठ पडली असती तर शर्मनचं काही खरं नव्हतं. म्हणून आपल्या रणगाड्यांनी घोड्याच्या नालेसारखी रचना करून उभ्या उसात जागा धरल्या. शेतांत पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे पॅटनचा सगळा वेग चिखलात गेला. ते नालेच्या तोंडातून आत आले आणि तिन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पिकाच्या आडोशाने पॅटन टिपले आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत इतके पॅटन निकामी झाले किंवा हाती लागले, की भिखीविंडजवळ ते ओळीने उभे केले त्या जागेला लोक ‘पॅटन नगर’ म्हणू लागले.

आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्या लपतो हे जुन्नरपासून मावळापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पन्नास टनांच्या आसपासचं धूड कसं लपतं? त्यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. आपला डोळा वस्तू शोधत नाही, तो कडा शोधतो. निसर्गात न आढळणारी सरळ रेष, ओळीने मांडलेली गोल चाकं, पोटाखालची गडद सावली आणि काचेवर चमकलेलं ऊन या चार गोष्टी रणगाड्याचा घात करतात. म्हणून नळीवर फांद्या बांधायच्या, दोन-तीन रंगांचे वेडेवाकडे पट्टे ओढून कडा मोडायची, जाळी टाकून सावली विस्कटायची आणि काचा झाकायच्या. हे नीट जमलं की दुर्बिणीतून बघणाऱ्याला तिथे काहीतरी ‘वेगळं’ दिसण्याऐवजी काहीच दिसत नाही. त्याची दुर्बीण विचारते, ‘तिथे कुणी आहे का?’ आणि शेत गप्प राहतं.

तर मग सोपं उत्तर असं, की लपणं म्हणजे गप्प राहणं आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण हे उत्तर टिकत नाही. गळकं घर विकताना पावसाळ्याविषयी गप्प राहणारा माणूस एकही शब्द खोटा बोलत नाही, तरीही आपण त्याला लबाडच म्हणतो. म्हणजे बोललं की नाही यावर सगळं ठरत नाही. समोरच्याचं आपण काही देणं लागतो का, यावर ठरतं. घर घेणारा आपल्या दारात विश्वासाने आलेला असतो आणि व्यवहारात उघड सांगण्याचं एक देणं असतं. कारतलबखान विश्वासाने आला नव्हता. झाडीत माणसं असू शकतात हे त्यालाही ठाऊक होतं. शोधणं त्याचं काम आणि सापडू न देणं यांचं. लपंडावात राज्य असलेल्या मुलाने ‘तुम्ही लपून मला फसवलंत’ अशी तक्रार केली तर बाकीची हसतील.

महाभारत वाचताना हा फरक नकळत आपल्या अंगात भिनलेला असतो. पांडव वर्षभर वेश पालटून विराटाकडे राहिले. अर्जुन बृहन्नडा झाला, भीम स्वयंपाकी झाला, शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली गेली. दुर्योधनाचे हेर त्यांना शोधत होते. या अज्ञातवासाबद्दल पांडवांना कुणी खोटारडं म्हणत नाही. उलट दसऱ्याला शमीची आठवण ठेवतो.

युद्धाचे आधुनिक नियमही इथे आपल्यासारखंच बोलतात. १९०७च्या हेग नियमावलीने युद्धातल्या क्लृप्त्या वैध मानल्या. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक मसुद्याच्या ३७व्या कलमात तर वैध क्लृप्त्यांची उदाहरणंच दिली आहेत: स्वतःला परिसरात मिसळवून टाकणं, खोट्या तोफा-रणगाडे मांडणं, लुटूपुटूच्या हालचाली करणं, चुकीची माहिती पसरवणं. भारत त्या मसुद्यात सामील झालेला नाही, पण त्यातला विचार जुना आहे. त्याच कलमात आधी मनाई काय आहे तेही सांगितलंय. ती मनाई खुणेशी जोडलेली आहे.

खूण म्हणजे दिलेला शब्द

अहिल्यानगरला (आपल्या तोंडात अजून अहमदनगरच बसलंय) आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथे ओळीने उभ्या असलेल्या यंत्रांकडे बघताना एक विसंगती जाणवते. आधी मेहनत करून रणगाडा दिसू नये असा रंगवायचा आणि मग त्याच्यावरच आकडे, चिन्हं आणि नावं काढायची! ब्रिटिश पद्धतीत चौकट हे रेजिमेंटच्या मुख्यालयाचं चिन्ह, त्रिकोण ‘ए’ स्क्वाड्रनचं, चौरस ‘बी’चं, वर्तुळ ‘सी’चं. दिसायचंच नाही तर हे कशासाठी?

कारण न दिसण्याची किंमत आपल्याच माणसांना मोजावी लागते. धूळ, धूर आणि भीती यांत समोरचा रणगाडा आपला की परका हे सांगता येत नाही. १९९१च्या आखाती युद्धात मित्रराष्ट्रांच्या वाहनांवर उलट्या व्हीसारखी ठळक खूण रंगवली होती. तरीही लढाईत मारले गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्याच लोकांच्या माऱ्यात गेला. दुसऱ्या बाजूने खूण फार ठळक केली तर शत्रूला नेम धरायला जागा मिळते. १९३९मध्ये पोलंडवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांवर मोठे, भरीव पांढरे क्रूस होते. पोलिश तोफची त्या क्रूसावरच नेम धरू लागले. रणगाड्यातल्या सैनिकांनी मग त्यावर चिखल फासला आणि पुढे जर्मनीला चिन्हच बदलावं लागलं.

म्हणजे खूण ही धोका पत्करून केलेली घोषणा आहे. ‘हा मी, या बाजूचा. माझ्यावर गोळी झाडायची की नाही ते हे बघून ठरव.’ महाभारतातल्या प्रत्येक रथावर म्हणूनच वेगळा ध्वज असायचा. अर्जुनाचा कपिध्वज लांबून ओळखू यायचा, त्याच्या मित्रांना आणि त्याच्यावर टपलेल्यांनाही.

आता ही घोषणाच खोटी केली तर?

डिसेंबर १९४४मध्ये जर्मनीने ते करून पाहिलं. ऑटो स्कोर्त्सेनीच्या हाताखालच्या पथकाने काही पँथर रणगाड्यांना पत्रे जोडून ते अमेरिकी एम-१० वाटतील असे बनवले, हिरवा रंग दिला आणि त्यावर मित्रसैन्याचा पांढरा तारा रंगवला. इंग्रजी येणारे काही सैनिक अमेरिकी गणवेशात, अमेरिकी जीपमधून आघाडीपलीकडे सोडले. लष्करी फायदा बेताचाच झाला. हे रणगाडे मालमेडीजवळ अडवले गेले आणि गणवेशातले जे पकडले गेले, त्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. पण परिणाम वेगळाच झाला. अमेरिकी सैनिक एकमेकांवर संशय घेऊ लागले. प्रत्येक नाक्यावर उलटतपासणी सुरू झाली. जनरल ब्रॅडली यांना एका पहारेकऱ्याने इलिनॉयची राजधानी विचारली. त्यांनी बरोबर उत्तर दिलं, स्प्रिंगफील्ड. पहारेकऱ्याच्या मते ती शिकागो होती! वाचताना हसू येतं. पण त्या दिवसांत तिथे जखमीला घेऊन धावणाऱ्या जीपच्या चालकाला हसू आलं नसेल.

उसातला सेंच्युरियन आणि पांढरा तारा रंगवलेला पँथर यांतला फरक इथे मला दिसतो. उसातल्या रणगाड्याने शत्रूला चकवलं, पण जगातल्या कुठल्याही खुणेचं मोल कमी केलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊस हा ऊसच होता. खोट्या ताऱ्याने मात्र खऱ्या ताऱ्याचं मोल कमी केलं. मराठीत म्हणतात तसं, फसवणुकीचं बिल कुणाच्या नावावर फाटलं हे बघावं. पँथरचं बिल फक्त शत्रूच्या नावावर फाटलं नाही. त्यानंतर ज्याने ज्याने प्रामाणिकपणे तो तारा लावला, त्या प्रत्येकाच्या नावावर ते फाटलं.

१९४७मध्ये डाखाऊला स्कोर्त्सेनीवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला, कारण त्याच्या माणसांनी शत्रूच्या वेशात प्रत्यक्ष लढाई केली हे सिद्ध झालं नाही. वेश घालणं एक आणि वेशात गोळी झाडणं वेगळं, अशी ती फट होती. १९७७च्या मसुद्याने ती बरीचशी बुजवली. आणि रेड क्रॉसच्या बाबतीत तर फट ठेवलेलीच नाही. रणांगणावर रुग्णवाहिकेचा बचाव लपण्यात नसतो, दिसण्यात असतो. तिचं सगळं चिलखत म्हणजे पांढऱ्या चौकोनावरचा तो लाल क्रूस. आतून बंदूक निघेल अशी शंका एकदा आली की ते चिलखत गळून पडतं, तिचं आणि तिच्यामागून येणाऱ्या सगळ्यांचं.

इथे पुण्याच्या इतिहासातला एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. एप्रिल १६६३मध्ये महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. मावळे वरातीच्या आडून शहरात शिरले, अशी गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. आजच्या नियमांनी बघितलं तर सामान्य नागरिकांचं सोंग घेऊन हल्ला करणं बसत नाही. कारण तेच: पुढच्या खऱ्या वरातीकडे चौकीवरचा शिपाई कसा बघेल? हे म्हटलं की कुणीतरी चिडतं. पण आजचे नियम १६६३ला लावून महाराजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा पोरकटपणा आहे. समोर अवाढव्य फौज, ती बसलेली आपल्याच घरात आणि असे नियम मान्य केलेलं कुणी त्या काळात अस्तित्वातच नाही. दुबळ्या बाजूला सोंग घेण्यावाचून पर्याय नसतो, हा युक्तिवाद आजही जगभर केला जातो आणि त्यात दम आहे. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की पर्याय नसला म्हणून किंमत शून्य होत नाही. ती कुणीतरी मोजतं.

२००८मध्ये कोलंबियाच्या लष्कराने मदतसंस्थेचं सोंग घेऊन बंडखोरांच्या तावडीतून १५ ओलीस सोडवले. एकही गोळी झाडली नाही. नंतर त्यांच्या राष्ट्राध्यक्षांना कबूल करावं लागलं, की एका सैनिकाने रेड क्रॉसचं चिन्ह वापरलं होतं, आणि त्यांनी माफी मागितली. पंधरा जीव वाचले याचा आनंद आणि माफी मागणं दोन्ही योग्य होतं. या दोन गोष्टी एका वेळी डोक्यात धरता आल्या पाहिजेत.

महाभारताने त्या धरल्या आहेत. अश्वत्थामा मेला का, हे द्रोणांनी भीमावर सोडलं नाही, युधिष्ठिरालाच विचारलं. का? कारण युधिष्ठिराचा शब्द ही एक खूण होती, शत्रूलाही विश्वास ठेवता येईल अशी. तो शब्द खर्च करून पांडवांनी द्रोण मिळवले. कथा सांगते, की युधिष्ठिराचा रथ तोपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. त्या वाक्यानंतर तो खाली टेकला. वर्षभराच्या अज्ञातवासाने जो रथ तसूभरही खाली आला नाही, तो एका वाक्याने आला. लपणं आणि फसवणं यांतला फरक याहून नेमका कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही.

आणि आपला फोन? मी फोन नंबर लपवतो, खातं खासगी ठेवतो, शेवटचं कधी ऑनलाइन होतो ते दिसू देत नाही. ही झाली झाडी. यात वावगं काही नाही. पण वाहतूक पोलिसांच्या नावाने चलन म्हणून येणारी फाइल, बँकेचा लोगो लावलेला मेसेज, व्हिडिओ कॉलवर गणवेश चढवून ‘डिजिटल अटक’ करणारा भामटा, हे सगळे पांढरा तारा रंगवलेले पँथर आहेत. ज्याचे पैसे गेले तो एकटाच त्यात लुटला जात नाही. नंतर खऱ्या पोलिसाचा खरा फोन येतो, इस्पितळातून अपघाताची खबर द्यायला कुणी फोन करतं, आणि आपण अनोळखी नंबर म्हणून कट करतो. ते बिल आपल्या सगळ्यांच्या नावावर फाटलेलं असतं.

वाळूची पोती

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिथे शत्रू नसतोच.

१९४४-४५मध्ये युरोपात लढणाऱ्या अमेरिकी शर्मनचे फोटो पाहा. पुढच्या भागावर वाळूची पोती रचलेली, कुठे लाकडाचे ओंडके, कुठे सिमेंटचा थर, कुठे साखळपट्ट्याचे सुटे तुकडे लटकवलेले. जर्मन पायदळाकडे खांद्यावरून डागायचं पांत्सरफाउस्ट आलं होतं. या प्रकारच्या गोळ्याच्या पोटात धातूचा पोकळ शंकू असतो. स्फोट झाला की त्या शंकूची एक सुईसारखी धार बनते, सेकंदाला काही किलोमीटर वेगाची, आणि ती पोलाद भेदून आत शिरते. वाळूची पोती तिला थांबवतील असा भरवसा नव्हता. टनभर वजन मात्र वाढायचं, इंजिन दमायचं, स्प्रिंगा बसायच्या.

जनरल पॅटन यांनी आपल्या थर्ड आर्मीत या पोत्यांना मनाई केली. (असल उत्तरला चिखलात रुतलेल्या रणगाड्यांना याच पॅटनचं नाव होतं.) आता स्वतःला त्यांच्या जागी ठेवा. तुम्हाला आकडेवारीवरून माहीत आहे, की पोत्यांचा उपयोग नाही. आतल्या पोरांना मात्र त्या पोत्यांमुळे धीर येतो. त्या धिरावर ती सकाळी रणगाड्यात चढतात. पोती काढायला लावायची की राहू द्यायची? इथे खोटं शत्रूशी नाही, आपल्याच माणसांशी आहे. आणि ते बोलणारं कुणी नाही, सगळे फक्त गप्प आहेत.

आमच्या सोसायटीत आर्मर्ड कोअरमधून निवृत्त झालेले एक दफादार राहतात. संध्याकाळी खाली बाकावर बसलेले असतात. एकदा त्यांना मी हे विचारलं. “काका, तुम्ही असता तर पोती काढली असती का?”

ते म्हणाले, “काढायला सांगणारा साहेब आत बसणार आहे का, ते आधी बघितलं असतं.”

“आणि बसणार असेल तर?”

“मग त्याला विचारलं असतं, साहेब, पोती काढतो, त्या जागी काय देताय?”

मला वाटतं, हेच उत्तर आहे. पॅटन यांनी नुसती मनाई केली नव्हती. निकामी झालेल्या रणगाड्यांचे जाड पत्रे कापून ते चालत्या रणगाड्यांच्या तोंडावर जोडायला लावले. खोटा दिलासा काढून घेण्याचा हक्क त्यालाच असतो, जो त्या जागी काही खरं ठेवतो. नुसतंच ‘याचा उपयोग नाही’ म्हणून निघून जाणारा सत्यवादी असेलही, पण त्याने आपलं काम अर्धंच केलं.

दुसरं असं, की जुगाडाचं चिलखत हीसुद्धा एक खूणच असते. ती वरच्यांना सांगत असते, ‘तुम्ही दिलेलं आम्हाला पुरत नाही.’ डिसेंबर २००४मध्ये कुवेतमधल्या तळावर एका अमेरिकी सैनिकाने संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं, की गाड्यांना लावायला आम्हाला भंगारात पत्रे का शोधावे लागतात? त्यांच्या उत्तराचा सारांश असा होता, की जे लष्कर हाताशी असतं तेच घेऊन युद्धावर जावं लागतं. त्या उत्तराने ते बराच काळ टीकेचे धनी झाले. भंगाराचा पत्रा काय बोलत होता ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.

आणि जुगाडाला हसणाऱ्याने जरा जपून हसावं. २०२२मध्ये रशियन रणगाड्यांच्या माथ्यावर वेल्डिंग केलेले लोखंडी पिंजरे दिसले, तेव्हा जगभर त्यांची टिंगल झाली. पुढे स्वस्त ड्रोन वरून येऊन आदळू लागले आणि तसेच पिंजरे, जाळ्या दोन्ही बाजूंच्या रणगाड्यांवर दिसू लागल्या. काल जो नुसता मनाचा आधार होता, तो आज काही अंशी खरा आडोसा झाला. पुण्यात डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आहे. तिने रणगाड्यांसाठी स्फोटक कवच विकसित केलं आहे. त्याच्या विटा गोळा आदळताच बाहेरच्या बाजूला फुटतात आणि आत शिरणारी ती धातूची धार मोडतात. पोती रचणाऱ्या पोरांना जे हवं होतं, तेच हे, फक्त मोजून, फोडून, पुन्हा मोजून बनवलेलं. दिलासा आणि संरक्षण यांच्यामध्ये चाचणी उभी असते. इंजिनिअर म्हणून माझं नैतिक कर्तव्य बहुधा एवढंच आहे, की ती चाचणी खरी घ्यावी आणि तिचा निकाल आत बसणाऱ्याला सांगावा. तपासणीचे हिरवे टिकमार्क लावून ‘सगळं सुरक्षित आहे’ म्हणणारा अहवाल हाही पोतंच असतो. फरक इतकाच, की ती पोती सैनिकांनी स्वतःसाठी रचली होती आणि हे आपण दुसऱ्याच्या भरवशावर रचतो.

पाहुण्यापुढे

तिन्ही गोष्टी आता शेजारी ठेवतो. झाडी शत्रूकडून त्याची खात्री हिरावते, आणि ती देणं आपण लागत नव्हतो. खोटी खूण सगळ्यांच्या सामायिक विश्वासातून उचल करते आणि कुणाची परवानगी घेत नाही. खोटा दिलासा तर आपल्यावर जीव टाकणाऱ्याकडूनच उधार घेतो. म्हणून मी पहिलीला माफ करतो, दुसरीला भितो आणि तिसरीची मला लाज वाटते. खोटेपणा तिन्हींत कमी-अधिक सारखाच असेल. विश्वास कुणाचा खर्च झाला, ते वेगळं आहे.

अहिल्यानगरच्या त्याच प्रशिक्षण केंद्रात एक सेंच्युरियन जपून ठेवला आहे. त्याचं नाव ‘फामागुस्ता’, सायप्रसमधल्या एका जुन्या बंदराचं नाव. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा हा रणगाडा. जन्म पुण्याचा, वय २१. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला, तेव्हा वायरलेसवरून बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असं सांगून त्यांनी नकार दिला आणि त्याच रणगाड्यात त्यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं.

तीस वर्षांनी, २००१मध्ये, त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल फाळणीआधीचं आपलं गाव, सरगोधा, बघायला पाकिस्तानात गेले. वय ८१. लाहोरमध्ये त्यांची सगळी व्यवस्था निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी स्वतःच्या घरी केली होती. खूप जिव्हाळ्याने, जरा जास्तच. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं, की त्या दिवशी बसंतरला समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

नासेर गप्प राहिले असते तरी चाललं असतं. खेत्रपालांना कधी कळलंही नसतं आणि ते पाहुणचाराच्या गोड आठवणी घेऊन दिल्लीला परतले असते. रणांगणावर लपण्याचा या माणसाला पूर्ण हक्क होता आणि तो त्याने वापरलाही असेल. पण आता समोर शत्रू नव्हता. त्याच्या घरात, त्याच्या ताटात जेवलेला एक म्हातारा बाप होता.